जिप्सीचं पॉवर स्टीअरिंग: मदत कुठे शिरते आणि पुढे कोण सोसतं

प्रश्न थोडक्यात असा आहे. २००४ ची जिप्सी किंग, एमपीएफआय इंजिन, तीन इंच लिफ्ट, म्हणजे गाडी तेवढी उचललेली, ३१ इंची टायर, पुढच्या डिफरन्शियलला लॉकर, म्हणजे दोन्ही चाकं एकत्र जखडणारी यंत्रणा. मूळचं मॅन्युअल स्टीअरिंग झेपेना म्हणून गॅरेजमध्ये एका छोट्या हॅचबॅकचा इलेक्ट्रिक पॉवर स्टीअरिंगचा, म्हणजे ईपीएसचा, कॉलम बसवून घेतला. शहरात गाडी मस्त वळते. पण दगडांत थोडा वेळ काम केलं की स्टीअरिंग अचानक जड होतं आणि थोड्या वेळाने आपोआप मोकळं होतं. हायवेला सत्तरच्या पुढे गाडी भरकटते. मग ईपीएस काढून हायड्रॉलिक बॉक्स आणि पंप बसवावा का? बसवायचाच तर सोबत रॅमही, म्हणजे चाकं वळवणाऱ्या दांड्याला थेट ढकलणारा तेलाच्या दाबाचा सिलिंडर, घ्यावा का?

तुमच्या तक्रारी दोन आहेत आणि त्यांची कारणं वेगळी आहेत. दगडांत जड होणं हा पॉवरचा प्रश्न. हायवेला भरकटणं हा पॉवरचा प्रश्न नाही, आणि हायड्रॉलिक बसवून तो सुटणार तर नाहीच, वर लपून बसेल. म्हणून एकही रुपया पंपावर घालण्याआधी पुढचं नीट वाचा.

जिप्सी १९८५ च्या डिसेंबरमध्ये आली आणि २०१९ पर्यंत चालली. एवढ्या काळात इंजिन बदललं, ट्रॅक रुंद झाला, पण पुढचा सॉलिड अ‍ॅक्सल, खालचे पाटे आणि रीसर्क्युलेटिंग बॉलचा मॅन्युअल स्टीअरिंग बॉक्स ही मांडणी तीच राहिली. गाडीचं वजन टनभर, किंगवर टायर २०५/७० आर १५. त्या टायरचा व्यास साधारण ६६८ मिलिमीटर. तुमचा ३१ × १०.५० टायर ७८७ मिलिमीटरचा, आणि रुंदी २०५ वरून जवळपास २६७ वर गेलेली. त्यात तुम्ही ट्रेलवर हवा कमी करता, म्हणजे जमिनीला टेकणारा पट्टा आणखी मोठा होतो. रिम बाहेर काढणारे असतील तर टायरचा मध्य किंगपिनच्या, म्हणजे चाक ज्या खिळीभोवती वळतं तिच्या, रेषेपासून आणखी दूर जातो आणि वळवायला लागणारा जोर पुन्हा वाढतो. त्यावर लॉकर. लॉक झालेली दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरायला बघतात, त्यामुळे गाडी सरळ जायचा हट्ट धरते आणि स्टीअरिंगला तो हट्ट मोडावा लागतो. मॅन्युअल बॉक्सवर हे झेपत नव्हतं यात नवल नाही.

आता मुख्य गोष्ट. स्टीअरिंगचा जोर एका साखळीतून जातो: व्हील, कॉलम, मधला शाफ्ट, बॉक्समधला वर्म (आटे असलेला दांडा), त्यावर सरकणारा बॉल नट, बॉक्समधून बाहेर येणारा सेक्टर शाफ्ट, त्यावरचा पिटमन आर्म, तिथून चाकाकडे जाणारी ड्रॅग लिंक, चाक धरणारी नकल, दोन्ही चाकं जोडणारा टाय रॉड आणि पलीकडची नकल. पॉवर स्टीअरिंग म्हणजे या साखळीत कुठेतरी बाहेरून मदत आत घालणं. मदत जिथे शिरते तिथून पुढचं सगळं ती मदत सोसतं, अलीकडच्या भागांना फक्त तुमच्या हाताचा जोर लागतो. कुठलाही अपग्रेड ठरवताना मी आधी एवढंच बघतो.

ईपीएस कॉलमची मदत अगदी वर, डॅशबोर्डखाली शिरते. म्हणजे मोटारीचा सगळा जोर मधल्या शाफ्टमधून, त्याच्या कपलिंगमधून आणि त्याच जुन्या मॅन्युअल बॉक्सच्या वर्ममधून जातो. तो बॉक्स माणसाच्या हाताच्या हिशेबाने केलेला आहे. हायड्रॉलिक पॉवर बॉक्समध्ये मदत बॉल नटवर शिरते, कारण तो नटच पिस्टन असतो. वर्म आणि कॉलम आरामात राहतात, पण सेक्टर शाफ्ट, पिटमन, ड्रॅग लिंक आणि बॉक्स ज्या चेसिसवर बसलाय ती जागा या सगळ्यांवर पूर्ण भार येतो. रॅमची मदत थेट टाय रॉडवर शिरते, त्यामुळे बॉक्स आणि चेसिस दोन्ही सुटतात. नकल आणि अ‍ॅक्सलचे सांधे मात्र सुटत नाहीत. हे डोक्यात असलं की आपली पुढची कोणती गोष्ट तुटणार आहे हे आधीच कळतं.

आधी भरकटण्याचं बघू.

लिफ्ट कशी केली आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. लांब शॅकल, म्हणजे पाटा चेसिसला जोडणारी झुलती पट्टी, घालून केली असेल तर कॅस्टर, म्हणजे किंगपिनचा मागे असलेला कल, हमखास कमी झालेला आहे. जिप्सीच्या पुढच्या पाट्यांचं शॅकल पुढच्या टोकाला असतं. ते लांब केलं की पाटा पुढून खाली झुकतो, अ‍ॅक्सलचा माथा पुढे कलतो आणि किंगपिनचा मागे असलेला कल जातो. कॅस्टर गेला की वळणानंतर स्टीअरिंग स्वतःहून सरळ येत नाही आणि वेगात गाडीला दिशा धरवत नाही. मॅन्युअल स्टीअरिंगवर हे हाताला कळत होतं. मोटार आल्यावर हाताला काहीच कळत नाही, म्हणून आता जास्त जाणवतंय. इलाज पाटा आणि अ‍ॅक्सलच्या पॅडमध्ये स्टीलची पाचर घालण्याचा. अ‍ॅल्युमिनियमची पाचर बाजारात स्वस्त मिळते, ती घेऊ नका, ती चिरडते आणि मग यू-बोल्ट सैल होतात. सेंटर बोल्ट पाचरीच्या जाडीइतका लांब घ्या. आणि लक्षात ठेवा, कॅस्टर वाढवला की डिफरन्शियलच्या पिनियनचं तोंड खाली जातं, पुढच्या प्रॉपेलर शाफ्टचा सांधा जास्त कोनात चालतो. म्हणून तीन-चार अंशांच्या पुढे जाण्याचा मोह टाळा. त्याहून जास्त लागत असेल तर लिफ्टच चुकीच्या पद्धतीने केलेली आहे.

दुसरी जागा किंगपिनची बेरिंगं. जिप्सीची नकल बंद गोळ्याची आहे, वर-खाली एकेक टेपर बेरिंग, आणि वरच्या किंगपिनखाली शिम, म्हणजे पातळ पत्र्याच्या चकत्या. बेरिंग घासलं की प्रीलोड, म्हणजे बेरिंग आवळून दिलेला ताण, जातो आणि मोठ्या टायरवर खड्ड्यानंतर पुढचा अ‍ॅक्सल थरथरायला लागतो. पुष्कळ गॅरेजमध्ये यावर नवा स्टीअरिंग डॅम्पर लावून गाडी परत देतात. डॅम्पर थरथर झाकतो, बेरिंग तसंच राहतं. टाय रॉड सोडवा आणि नकलच्या भोकाला साधा स्प्रिंगचा काटा अडकवून ओढून बघा. ती सुटायला लागणारा जोर सर्व्हिस मॅन्युअलमधल्या आकड्याशी जुळला पाहिजे. गोळ्याचं मोठं तेलसील बसवलेलं असताना मोजलं तर सीलचाच विरोध मोजला जातो, तेव्हा सील सोडवून मोजा. जोर कमी भरला तर शिम काढायची असते, घालायची नसते. पावसाळ्यात पाण्यातून गाडी काढणाऱ्यांनी हे दरवर्षी बघायला हवं. सील गेलेलं असेल तर आत ग्रीसऐवजी ताकासारखा पांढरा चिखल निघतो.

तिसरं, ड्रॅग लिंकचा कोन. तीन इंच लिफ्टनंतर ड्रॅग लिंक तिरकी होते आणि पाटा दबला की स्टीअरिंग आपोआप ओढलं जातं. यावर लांब, खाली वाकवलेला पिटमन आर्म लावायची पद्धत आहे. मला ती पसंत नाही, कारण आर्म जितका खाली तितका सेक्टर शाफ्टवर आणि बॉक्सच्या बुशवर पीळ जास्त. नकलवर वरच्या बाजूला बोल्ट होणारे उंच आर्म लावून ड्रॅग लिंक आणि टाय रॉड पाट्यांच्या वर नेणं हा योग्य रस्ता. खर्च जास्त, पण दगडावर टाय रॉड आपटून वाकायचाही थांबतो.

आणि एक गोष्ट निक्षून सांगतो. पिटमन आर्म, नकलचा आर्म, ड्रॅग लिंक यांना गॅस लावून वाकवू देऊ नका आणि वेल्डिंग करू देऊ नका. कितीही ओळखीचा मिस्त्री असो. हे घडवलेले, उष्णता देऊन तयार केलेले भाग आहेत. ते लाल झाले की त्यांची ताकद गेली, आणि ती गेल्याचं बाहेरून दिसत नाही. लांबी बदलायची असेल तर जाड भिंतीचा सीमलेस पाइप, दोन टोकांना डावा-उजवा आटा आणि चेकनट, असा नवा ड्रॅग लिंक करून घ्या. टोकांना बॉल जॉइंटवालेच टाय रॉड एंड ठेवा. उघडे रॉड एंड फोटोत छान दिसतात, पण आपल्याकडच्या चिखलात आणि धुळीत ते एका मोसमात खडखडायला लागतात.

हे सगळं तपासायला दोन माणसं आणि एक टॉर्च पुरे. गाडी जमिनीवर, चाकं सरळ. एकाने स्टीअरिंग थोडं डावीकडे-उजवीकडे झटकत राहायचं, दुसऱ्याने खाली आडवं होऊन प्रत्येक सांध्यावर हात ठेवायचा. एक बाजू हलते आणि दुसरी थांबते, असा जो सांधा हाताला लागेल तो बदलायचा. बॉक्सच्या वरचा अ‍ॅडजस्टिंग स्क्रू हा शेवटचा उपाय. तो स्टीअरिंग मध्यावर असतानाच आणि किंचितच आवळायचा. दाबून आवळला की प्ले, म्हणजे स्टीअरिंगमधला ढिलेपणा, गेल्यासारखा वाटतो, पण वर्म मध्यावर अडकायला लागतो आणि स्टीअरिंग परत येणं थांबतं.

आता दगडांत जड होण्याकडे.

तुम्ही सांगितलेलं लक्षण अगदी ओळखीचं आहे. ईपीएसची मोटार शहरात पार्किंगपुरती काही सेकंद पूर्ण जोर लावते आणि मग विश्रांती घेते. दगडांत टायर दोन धोंड्यांमध्ये अडकलेला असतो, तुम्ही व्हील धरून ठेवता, मोटार न फिरता पूर्ण करंट खेचत राहते. मोटार आणि तिचा कंट्रोलर तापले की कंट्रोलर स्वतःला वाचवण्यासाठी करंट कमी करतो. थंड झाल्यावर परत देतो. म्हणून ते आपोआप मोकळं होतं. यात बिघाड काही नाही, त्या मोटारीला तिच्या कुवतीबाहेरचं काम दिलेलं आहे.

पण दुसरंही एक कारण असू शकतं आणि ते फुकटात दुरुस्त होतं, म्हणून आधी ते तपासा. ईपीएसला पूर्ण जोरात तीस-चाळीस अँपिअर सहज लागतात. गाडी आयडलवर, अल्टरनेटर जेमतेम चार्ज देतोय, पंखा चालू, वरचे दिवे चालू, आणि वायर गॅरेजवाल्याने हाताशी होती ती वापरलेली. व्होल्टेज पडलं की कंट्रोलर मदत बंद करतो. मल्टिमीटरची एक सुई बॅटरीच्या प्लसवर, दुसरी ईपीएस कंट्रोलरच्या प्लस पिनवर ठेवा. कुणालातरी गाडी उभी असताना स्टीअरिंग लॉकपर्यंत, म्हणजे वळण्याच्या टोकापर्यंत, दाबून धरायला सांगा. आकडा अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आला तर वायर बारीक आहे किंवा फ्यूजहोल्डर गरम होतोय. तसंच बॅटरीच्या मायनसपासून कंट्रोलरच्या अर्थपर्यंत मोजा. जुन्या जिप्सीत अर्थ बॉडीवर घेतलेला असतो आणि त्या बोल्टखाली गंज असतो. १० चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, बॅटरीजवळ फ्यूज आणि चेसिससोबत थेट बॅटरीला जाणारा अर्थ एवढं केल्यावर काही गाड्यांची निम्मी तक्रार जाते. गाडीच्या वेगाचा सिग्नल दिलेला आहे का हेही विचारा. तो नसेल तर बहुतेक कॉलम ठराविक मदतीवरच चालतात, हायवेला स्टीअरिंग नको तितकं हलकं राहतं आणि तुमच्या भरकटण्यात भर पडते.

एवढं करून तुम्ही २३५/७५ आर १५ टायरवर असता, लॉकर नसता, तर मी ईपीएसच ठेवा म्हटलं असतं. वजन कमी, पट्टा नाही, तेल नाही, इंजिन बंद पडलं तरी बॅटरी असेपर्यंत मदत चालू. पण कॉलम आणि त्याचा कंट्रोलर कोरड्या केबिनच्या गाडीसाठी बनलेले आहेत हे विसरू नका. गुडघाभर पाणी फ्लोअरवर येतं अशा ठिकाणी जाणार असाल तर कंट्रोलर वर, डॅशच्या मागे न्या. आणि मॅन्युअल बॉक्सचा वर्म, मधल्या शाफ्टचं कपलिंग दर सहा महिन्यांनी बघत राहा. मदत वरून शिरतेय, तेव्हा सोसतायत ते.

३१ इंची टायर आणि पुढे लॉकर यांना मात्र हायड्रॉलिकच हवं.

बॉक्सबद्दल एक गैरसमज आधी दूर करतो. अमेरिकेतले समुराईवाले (समुराई म्हणजे जिप्सीची तिथली बहीण) सुझुकी साइडकिक किंवा जिओ ट्रॅकरचा पॉवर बॉक्स लावतात आणि त्याचे व्हिडिओ बघून आपल्याकडे तो मागवायची चौकशी होते. तो डाव्या हाताच्या स्टीअरिंगचा आहे, आपल्या उजव्या चेसिसवर तसा बसत नाही. उजव्या हाताच्या बाजारातला बॉक्स शोधा, नाहीतर देशात हलक्या व्यापारी गाड्यांसाठी बनणारा नवा बॉक्स घ्या. भंगारातला घेणार असाल तर तो उघडून, सील किट घालून, मगच. निवडताना चार गोष्टी जुळल्या पाहिजेत: बॉक्स कुठल्या दिशेला तोंड करून बसतो, व्हील उजवीकडे फिरवल्यावर पिटमन कुठे जातो, पिटमन एकूण किती अंश फिरतो, आणि लॉक ते लॉक किती फेरे लागतात. बॉक्स उलटा करून बसवला की डावं-उजवं उलटं होतं. हे बेंचवर तपासायचं, गाडीवर चढवल्यावर नाही.

पंपाचं तुलनेने सोपं आहे. मारुती एस्टीमवर याच घराण्याचं जी १३ इंजिन होतं आणि पॉवर स्टीअरिंगही होतं, त्यामुळे पंप आणि ब्रॅकेटची सुरुवात तिथून करता येते. पुली एका रेषेत येते का, आणि जिप्सीत लांबीच्या दिशेने बसलेल्या इंजिनाशेजारी चेसिस आणि स्टीअरिंग शाफ्टला पंप अडतो का, हे मोजून घ्या. पट्टा पुलीला जेवढा जास्त लपेटेल तेवढा चांगला. लॉकला किंचाळी आली की पट्टा घसरतोय.

आता दाब आणि प्रवाह यात गोंधळ नको. दाबातून जोर मिळतो, प्रवाहातून वेग. व्हील हळू फिरवतानाही जड वाटत असेल तर दाब कमी आहे. हळू फिरवताना हलकं पण झटकन फिरवताना मध्येच अडतं, तर प्रवाह कमी आहे. व्यापारी गाडीचा मोठ्या पिस्टनचा बॉक्स आणि छोट्या कारचा पंप असं लग्न लावलं की दुसरी तक्रार ठरलेली. ट्रेलवर इंजिन आयडलजवळ असतं, त्यामुळे पंपाचा आयडलवरचा प्रवाह महत्त्वाचा. लहान पुली लावून तो वाढवता येतो, पण जिप्सीचं इंजिन सहा हजार आरपीएमपर्यंत फिरतं, तिथे पंपही त्याच प्रमाणात जास्त फिरणार. थोडीच लहान करा.

आणि तेल थंड ठेवा. यावर सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं, म्हणून हिशेबच मांडतो. समजा जास्तीचा दाब सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह ८० बारला उघडतो आणि पंप मिनिटाला ८ लिटर देतो. स्टीअरिंग लॉकला दाबून धरलंत की तेल कुठेच जात नाही, सगळं रिलीफमधून फिरतं आणि ८० बार गुणिले ८ लिटर, म्हणजे सुमारे १,०७० वॉट उष्णता त्या लिटरभर तेलात ओतली जाते. एक इस्त्री तेलात बुडवून चालू ठेवण्याइतकी. पाच-दहा सेकंदांत काही होत नाही, पण दगडांत तासभर हेच चालतं. तेल पातळ होतं, सील कडक होतात, पंप ओरडायला लागतो. म्हणून रिटर्न लाइनवर कूलर हवाच, रेडिएटरच्या पुढे हवा लागेल अशा जागी. रिटर्न लाइनवरच. प्रेशर लाइनवर कूलर लावलेला मी पाहिला आहे, तो फुटला आणि गरम तेल एक्झॉस्टवर उडालं. तिथे आग लागू शकते.

टाकीपासून पंपाची सक्शन नळी आखूड, मोठ्या तोंडाची आणि कुठेही न चिमटणारी. रिटर्नचं तोंड टाकीत तेलाच्या पातळीखाली, नाहीतर तेलाला फेस येतो. प्रेशर होज एमआयडीसीतल्या हायड्रॉलिकच्या दुकानात तारेच्या विणीची क्रिम्प करून मिळते, पण तापमानाचं रेटिंग विचारून घ्या आणि अ‍ॅक्सल पूर्ण खाली लोंबकळत असताना, चाक दोन्ही लॉकला नेऊन ती कुठे घासत नाही ना ते बघा. तेल पंपाच्या उत्पादकाने सांगितलेलं, बहुतेक जागी डेक्सरॉन जातीचं एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल. ब्रेक ऑइल चुकूनही नको, त्याने पॉवर स्टीअरिंगची रबर सील फुगून जातात.

तेल भरल्यावर लगेच इंजिन चालू करू नका. पुढची चाकं जॅकवर, खाली स्टँड, इंजिन बंद, आणि व्हील सावकाश लॉक ते लॉक फिरवत राहा. टाकीत बुडबुडे येणं थांबेपर्यंत तेल भरत राहा. मग इंजिन चालू करून पुन्हा तसंच. तेल दुधाळ दिसलं तर हवा अजून आत आहे. गाडी बंद करून तासभर ठेवा आणि परत करा.

बॉक्स चेसिसवर कसा बसवला जातो याकडे मी सगळ्यात जास्त लक्ष देतो. मदत आता बॉक्समध्ये शिरतेय आणि बॉक्सला धरून ठेवणारी चेसिसची भिंत दोन-तीन मिलिमीटरची आहे. पोकळ चेसिसला भोक पाडून बोल्ट आवळला की भिंती आत दबतात, बोल्ट कधीच घट्ट राहत नाही, आणि काही महिन्यांत भोकाच्या कडेपासून चीर निघते. म्हणून प्रत्येक बोल्टसाठी चेसिसमधून आरपार स्लीव्ह घालून दोन्ही बाजूंना वेल्ड करायची, बाहेरून चार-पाच मिलिमीटरची प्लेट, तिचे कोपरे गोल, आणि बोल्ट १०.९ ग्रेडचे. एक गाडी आमच्याकडे आली होती, मालक म्हणाला स्टीअरिंगला प्ले आहे, तीन ठिकाणी टाय रॉड एंड बदलून झाले होते. व्हील झटकायला लावलं आणि खाली बघितलं तर सांधे सगळे ठीक, बॉक्सच चेसिससकट श्वास घेत होता. वायर ब्रशने रंग काढला, पुसलं, रॉकेल लावलं, पाच मिनिटांनी कोरडं पुसून वर खडूची पूड चोळली. थोड्या वेळात पांढऱ्या खडूवर रॉकेलची एक बारीक ओली रेघ उमटली, बोल्टच्या भोकापासून खालच्या कडेपर्यंत. ही जुनी पद्धत आजही कुठल्याही गॅरेजमध्ये जमते. तुमच्या गाडीवर आताच करून बघा, ईपीएसनेही तो बॉक्स त्याच्या मूळ हिशेबापेक्षा जास्त जोर लावतोय.

कॅसल नटची स्प्लिट पिन जुळत नसेल तर नट पुढच्या खाचेपर्यंत आवळायचा, मागे सैल करायचा नाही. बारीक गोष्ट आहे, पण टाय रॉड एंडचं टेपर सुटतं ते याच्यामुळेच.

रॅमचं काय? त्याचा जोर किती असतो ते बघा. ४० मिलिमीटर बोअर, २० मिलिमीटर रॉड, दाब ८० बार. ढकलताना साधारण १,०२० किलो, ओढताना रॉडची जागा वजा होऊन ७७० किलोच्या आसपास. म्हणजे एका बाजूला वळताना जास्त मदत, दुसऱ्या बाजूला कमी. दोन्ही बाजूंना रॉड असलेला रॅम घेतला तर हा फरक जातो, पण जागा जास्त लागते. तेलही बघा: २०० मिलिमीटर स्ट्रोकला पाव लिटर. ते दोन सेकंदांत भरायचं तर एकट्या रॅमलाच मिनिटाला साडेसात लिटर हवेत, बॉक्सचं वेगळं. एस्टीमचा पंप इथे पुरणार नाही. शिवाय बॉक्सला डाव्या-उजव्या दाबाची दोन भोकं पाडून आटे करावे लागतात. ते काम लेथवाल्याकडचं नाही, ज्याने तो बॉक्स आतून पाहिलाय त्याच्याकडचं आहे. एक बारीक छिलका व्हॉल्व्हमध्ये गेला तर स्टीअरिंग स्वतःहून एका बाजूला ओढायला लागतं.

आणि रॅम बॉक्सला वाचवतो, अ‍ॅक्सलला नाही. जिप्सीचा पुढचा सीव्ही सांधा, म्हणजे वळलेल्या चाकापर्यंत इंजिनाचा जोर नेणारा सांधा, पूर्ण लॉकला सगळ्यात कमजोर असतो. लॉकर लावलेला, मोठा टायर, चाक पूर्ण वळलेलं आणि तुम्ही अ‍ॅक्सिलरेटर दाबता, तिथे तो तुटतो. आजवर स्टीअरिंग जड होतं म्हणून तुम्ही त्या कोनापर्यंत पोहोचतच नव्हता. रॅम लावल्यावर एका बोटाने पोहोचाल. म्हणून हायड्रॉलिक बसवलं की नकलवरचे स्टॉपर बोल्ट पुन्हा सेट करा: सीव्ही अडकण्याआधी, टायर पाट्याला घासण्याआधी, आणि बॉक्स किंवा रॅम आतून टोकाला लागण्याआधी स्टॉपर लागला पाहिजे. रॅम कधीही स्टॉपरचं काम करता कामा नये.

ट्रॅक्टरसारखं पूर्ण हायड्रॉस्टॅटिक स्टीअरिंग, ज्यात व्हील आणि चाकांमध्ये लोखंडी जोडच नसतो, ते तुम्ही विचारलेलं नाही, पण कुणीतरी सुचवेलच. रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला ते नको. होज फुटली की हातात फक्त व्हील उरतं.

कायद्याचंही स्पष्ट सांगायला हवं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या, मूळ निर्मात्याच्या तपशिलांपेक्षा वेगळा बदल गाडीत करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या जानेवारीत हे आणखी ठामपणे सांगितलं. ३१ इंची टायर आणि लिफ्ट यांनाही ते लागू आहे. अपघात झाला तर विमा कंपनी स्टीअरिंगकडेच बोट दाखवेल. गाडी ट्रेलरवरून नेऊन फक्त स्पर्धेत चालवायची, गोव्यातल्या रेनफॉरेस्ट चॅलेंजसारख्या, तर गोष्ट वेगळी. रोज ऑफिसला त्याच गाडीने जात असाल तर आधी आरटीओत विचारा, मग पान्हा उचला.

तुमच्या गाडीला मी या क्रमाने हात लावीन. पहिल्या आठवड्यात चेसिसची खडू-रॉकेलची तपासणी, किंगपिनचा प्रीलोड, सगळे टाय रॉड एंड, कॅस्टर मोजणं आणि ईपीएसच्या वायरीचं व्होल्टेज. यात भरकटणं बहुधा संपेल. मग नकलवरचे उंच आर्म आणि नवा ड्रॅग लिंक, कारण हायड्रॉलिक आल्यावर जोर यांच्यातूनच जाणार आहे. त्यानंतर बॉक्स, स्लीव्ह आणि प्लेट, पंप, कूलर हे सगळं एकाच खेपेला, कूलर नंतर बघू असं न करता. स्टॉपर सेट करून पावसाळाभर चालवा. रॅमचा निर्णय त्यानंतर घ्या. ट्रेलवर गाडी पूर्ण थांबवून व्हील पिळण्याऐवजी अर्धं चाक पुढे सरकवत वळवायची सवय लावली, तर ३१ इंची टायरच्या बहुतेक जिप्सींना रॅम लागत नाही. ३३ वर जाणार असाल तर आताच सांगा, मग बॉक्सही वेगळा निवडावा लागेल.

लिफ्ट शॅकलची आहे की पाटे अ‍ॅक्सलच्या वर नेलेत, रिमचा ऑफसेट किती, आणि मल्टिमीटरचे ते दोन आकडे किती आले, एवढं कळवा. पाचर किती अंशांची लागेल ते त्यावरून सांगता येईल.